लाकडी गाडी विकल्यावर

मी, बकुळा कोंडीराम पांचाळ, वय ७२, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार घोडपदेव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मला कोणी लिहायला लावलेले नाही.

१. मी २००३ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. वडिलांची लाकडी गाडी माझ्या मागेही कोणी विकू नये, असे त्यात कलम होते. ती गाडी मी स्वतःच गेल्या महिन्यात विकली आहे.

२. विक्रीबद्दल पुढे कोणी शंका काढू नये म्हणून गाडीची हकीकत इथे नोंदवते. गाडी १९३८ सालची, विलायती. इंजिन आणि सांगाडा लोखंडी, बाकी सगळी लाकडाची. लालबागच्या ज्या गिरणीत माझे वडील सुतारखात्यात होते, तिच्या आवारात ती कुजत पडली होती. गिरणीतले साहेब नोकरी सोडून जाताना ती वडिलांना देऊन गेले. पुढे संप झाला आणि वडील घरी बसले. ते खचले नाहीत, याचे कारण ही गाडी. चार वर्षे त्यांनी सागवानाचे एकेक दार नव्याने घडवले, खिळा न ठोकता सांधे बसवले. धाकटा भाऊ राजाराम इंजिन बघायचा. काचपेपर मारणे आणि पॉलिश माझ्याकडे. शेजारचे तात्या तिला "चालतं कपाट" म्हणायचे. तात्या आता नाहीत, मी त्यांना माफ केले आहे. पण त्या कपाटातून त्यांचीही वरात निघाली होती, हे नमूद करते.

३. वडिलांनी गाडी माझ्या नावावर केली होती. ते गेल्यानंतर, १९९५ साली, राजाराम माझ्याकडे आला. त्याची बायको माया आजारी होती, उपचार परळला चालू होते. त्याने गिऱ्हाईक आणले होते, फक्त माझी सही हवी होती. मी नाही म्हटले. बाबांचे कष्ट आहेत त्यात, ते विकायचे नाहीत, असे सांगितले. खरे कारण वेगळे होते, ते आज लिहिते. माझे लग्न झाले नाही. खोलीची भाडेपावती तेव्हा आईच्या, चंपाबाईंच्या नावावर होती. जगात त्या गाडीखेरीज माझ्या नावावर काहीच नव्हते.

माया पुढच्या वर्षी गेली. त्यांची मुलगी रुपाली तेव्हा सहा वर्षांची होती. मुळात उशीरच झाला होता, असे डॉक्टर नंतर म्हणाले. ते खरे असेलही. पण मी नाही म्हटले तेव्हा मला ते ठाऊक नव्हते. राजाराम भांडला नाही. त्याने येणे बंद केले. मी गाडी जवळच्या लाकडाच्या वखारीमागच्या शेडमध्ये ठेवून कुलूप लावले, आणि तिच्यात पुन्हा बसले नाही.

४. यंदा गणपतीनंतर वखार पाडायची ठरली आणि शेड रिकामी करायला सांगितले. मी तीस वर्षांनी राजारामला फोन केला. तो रुपालीला घेऊन आला. उंदरांनी गाद्या खाल्ल्या होत्या, टायर जमिनीला चिकटले होते, पॉलिश तडकले होते. दारे मात्र पूर्वीसारखीच अलगद लागत होती. राजारामने इंजिनचे झाकण उघडले. पुढचे चार रविवार तो गोरेगावहून येत राहिला. चौथ्या रविवारी इंजिन सुरू झाले. तो हात पुसत असताना मी म्हणाले, "राजा, मी तेव्हा सही करायला हवी होती."

तो म्हणाला, "हो ताई. करायला हवी होतीस."

तीस वर्षे मला याच उत्तराची भीती होती. ते ऐकल्यावर मी त्याच्यासाठी चहा टाकला, आणि तो प्यायला थांबला.

५. गाडी प्रभादेवीचे सुशांत राणे यांनी घेतली. ते जुन्या गाड्या जपतात. जास्त देणारे दुसरे होते. त्यांना ती हॉटेलच्या दारात नुसती उभी करायची होती. वडिलांचे रंधे आणि पटाश्या माझ्या मागे सुशांत यांना द्याव्यात. त्या लाकडाला हीच हत्यारे लागतील.

६. विक्रीची सगळी रक्कम मी राजारामपुढे ठेवली. "तेव्हा हवे होते," एवढेच तो म्हणाला. रुपालीनेही पैसे घेतले नाहीत. ते पैसे वेगळ्या खात्यात आहेत. उपचारासाठी बाहेरगावहून परळला येणाऱ्या आणि फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या राहण्यासाठी ते खर्च करावेत. संस्था रुपालीने निवडावी. मायाच्या नावाची पाटी लावू नये. तिच्या नावाने पुण्य घेण्याचा मला अधिकार नाही.

७. खोलीचा भाडेहक्क आता माझ्या नावावर आहे. तो, नवीन इमारत झाल्यास तिथली जागा, आणि माझी बचत रुपालीला मिळावी. यावर तिने वाद घालू नये. मी तिला लहानपणी एक फ्रॉकसुद्धा घेतला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शेजारीण संघमित्रा गायकवाड हिने करावी. ती बँकेत आहे, आणि मला तोंडावर बोलते.

८. माझ्या देहाला राजारामने अग्नी द्यावा. त्याची इच्छा नसल्यास रुपालीने द्यावा, आणि त्याला कोणी कारण विचारू नये.

हे सर्व मी सही करण्याआधी राजारामला वाचून दाखवले. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. त्यानुसार कलम ८ मधील दुसरे वाक्य मी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: घोडपदेव, मुंबई
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

बकुळा कोंडीराम पांचाळ (सही)

बकुळाताईंनी आमच्या समोर सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही केली:
१. सीमा अनंत घाडी (सही)
२. अभय दत्ताराम शिर्के (सही)