डोकं म्हटलं की पायाची बोटं

ता. ९ जानेवारी

ती. ताईस भुंग्याचा वाकून नमस्कार, वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

मी खुशाल आहे. पॅकिंगचं काम सोडलं. ओरडू नकोस, लगेच दुसरं लागलं. आता फरशीच्या कारखान्यात आहे. भट्टीतून फरशा पट्ट्यावरून येतात आणि मी लाकडी हातोडीनं एकेकीला टिचकी मारतो. खणखणीत वाजली तर पहिला नंबर, बसका आवाज आला तर आत तडा, मग ती बाजूला. सातवीत शाळेतून गळालेल्या माणसाच्या हातात एवढा न्यायनिवाडा दिलाय, हसू येतं.

आता मुद्द्याचं. घरून टिल्लीच्या आईचा फोन होता. पाण्याच्या टाकीजवळच्या बालवाडीत जूनसाठी जागा निघाली आहे, वीस मार्चच्या आत अर्ज द्यायचा. हिचं म्हणणं, आहे ती काय वाईट आहे? शिवणाच्या कारखान्याला लागूनच आहे, पोरीला आत सोडलं की दोन मिनिटांत ही मशीनवर. शिवाय तिथे चार वर्षांच्या पोरी शंभरपर्यंत आकडे लिहितात. पण शेजारपाजारचे म्हणतात टाकीजवळची चांगली. चांगली म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही. तू तर हेच मोजायची नोकरी करतेस. बालवाड्यांच्या कोपऱ्यात बसून दिवसभर कागद भरतेस. तर एका ओळीत कळव, दोन्हींतली पहिल्या नंबरची कोणती. माझं जे झालं ते झालं, पोरीचं तसं व्हायला नको.

माया पातळ करू नकोस.
तुझा भुंगा

ता. १७ जानेवारी

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

चापट वर्षातल्या तिसऱ्या नोकरीबद्दल. आईनं तुझं नाव भुंगा ठेवलं तेव्हा तू रांगत होतास. माणूस चालायला लागला की एका जागी टिकतो, अशी तिची समजूत होती.

नंबर मला सांगता येणार नाही. ही पाहणी करणाऱ्या आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सही घेतली आहे की कुठल्या बालवाडीला किती गुण, हे घरातही बोलायचं नाही. तू विचारतोस त्या दोन्ही आमच्या पाहणीतल्या तीस बालवाड्यांत आहेत. आणि खरं सांगू? गुण मी भरते, पण त्यांचा अर्थ मलाही पुरता लागत नाही. बाई मुलाला प्रश्न विचारून किती वेळ थांबते, हे मी मोजते. बोलताना मुलाच्या उंचीला वाकते का, ते लिहिते. ही मुलं तिसरीत गेली की मॅडम पुन्हा जाऊन बघणार, कोणाचं पुढे काय झालं. तोवर नुसते आकडे.

मी तिथे बोलायचं नाही, हसायचं नाही, मुलांना मी दिसलेच नाही पाहिजे. परवा एकानं माझ्या डोक्यावर ओली टोपी वाळत घातली. मी तशीच लिहीत बसले.

मुलांचीही चाचणी असते, ती आमच्यातली दुसरी मुलगी घेते. ती डोकं म्हणाली की मुलानं पायाची बोटं धरायची, खांदे म्हणाली की गुडघे. ऐकलं त्याच्या उलट करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मी करून पाहिलं तर दोनदा फसले. टिल्लीची पाळी फेब्रुवारीत आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. पत्राची वाट बघते, नोकरी सोडल्याच्या बातमीची नव्हे.
ताई

ता. ३० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

नंबर सांगत नाहीस तर राहू दे. सही म्हणजे सही, मला पटतं. मी माझ्या परीनं बघतो.

टिल्लीशी हल्ली माझं चांगलं जमलंय. आधी फोन कानाला लावला की बाबा म्हणायची आणि पळायची. आता फोन तिची आई धरते आणि आम्ही दोघं खेळतो, अर्धा अर्धा तास. कसला खेळ ते सांगत नाही. खोलीतले बाकीचे तिघं मला वेडा म्हणतात, म्हणू देत. फेब्रुवारीत तुझी मान ताठ होईल एवढं लक्षात ठेव.

राग धरू नकोस, धरलास तर लवकर सोड.
तुझा भुंगा

ता. १९ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

आशीर्वाद आज गृहीत धर.

टिल्लीची चाचणी मंगळवारी झाली. तीस वेळा विचारलं, तिसाही वेळा बरोबर. शब्द पुरा व्हायच्या आत पोरीचे हात पायांवर. मग तिनं आपण होऊन सांगितलं की हे बाबांना पण येतं, बाबा फोनवर घेतात, आणि पुढचं कधी विचारणार, कारण शेवटी बाबा शाबास म्हणतात. चाचणी घेणारी ती मुलगी रोज माझ्याबरोबर डबा खाते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डबा बंद केला.

मी स्वतःच मॅडमकडे गेले. चाचणीत काय विचारतात ते मी भावाला लिहिलं होतं, असं सांगितलं. मॅडमचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की आता या मुलीबद्दल आपल्याला काय कळलं. टिल्लीचा कागद बाद झाला. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठवलं. आता मी ऑफिसात बसून दुसऱ्यांनी भरलेले कागद कॉम्प्युटरवर चढवते. दिवसभर एक लहान मूल नजरेला पडत नाही.

चूक आधी माझी, हे मला कळतं. पण तू एकदा विचारायचंस तरी.
ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून माझं डोकं जागेवर नाही. काल चांगल्या फरशा बाजूला काढल्या आणि तडे गेलेल्या पुढे सोडल्या, फोरमननं चारचौघांत माझी खरडपट्टी काढली.

तुझी खुर्ची गेली, त्याची मला लाज वाटते. पाया पडतो. पण एक गोष्ट मला कोणीतरी समजावून सांगा. तडा मेणानं बुजवून फरशी खणखणीत वाजवली तर ती लबाडी, हे मला समजतं. पण टिल्लीच्या पोटात कुठे मेण आहे? ती खरंच शिकली. पहिल्या दिवशी दहात नऊ वेळा चुकत होती, हसून हसून जमिनीवर बसायची. शाळेनं शिकवलं तर शिक्षण आणि बापानं शिकवलं तर कागद बाद, हे कसं? मग वाटतं, मॅडमचंही खरं असेल. त्यांना पोरीचं बघायचं होतं आणि मीच मध्ये उभा राहिलो. मग परत वाटतं, बापानं मध्ये नाही तर उभं राहायचं कुठे?

चाचणी झाल्यावर रविवारी मी फोन केला. टिल्लीनं विचारलं, आता कशाची परीक्षा आहे. मी म्हटलं कशाचीच नाही, तर म्हणाली मग कशाला खेळायचं. ते माझ्या जिव्हारी लागलंय.

वीस मार्च जवळ आला. आता कोणाला विचारू? तुझ्याशिवाय माझं आहे कोण विचारायला.
तुझा भुंगा

ता. ४ मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद, या वेळी मनापासून.

बापानं शिकवलं तर कागद बाद का, हा तुझा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या की हा प्रश्न त्यांनाही पडतो. मी आणखी गोंधळून बाहेर आले.

आता माझं ऐक. आठवडाभराची रजा काढ आणि ये. दोन्हीकडे एकेक सकाळ बस, पालकांना बसू देतात. टाकीजवळ टिल्लीलाही घेऊन जा. कागद नेऊ नकोस, मोजू नकोस, नुसता बस. एका जागी बसणं तुला जड जाईल, तरी बस.

रजेची वाट बघणारी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. स्टँडवर तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही, तू डोळे पुसत होतीस आणि मी बॅग शोधण्याचं नाटक करत होतो. म्हणून आता लिहितो.

पहिल्या दिवशी हिच्या कारखान्याजवळच्या बालवाडीत बसलो. बाई चांगल्या आहेत, चाळीस पोरं एकटीनं सांभाळतात, मला स्वतःची खुर्ची दिली. टिल्लीनं शंभरपर्यंत लिहिलं, एक चूक नाही. माझी छाती फुगली. मग लक्षात आलं की सकाळपासून तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि तीही कोणाशी नाही. घरी जिची टकळी थांबत नाही, ती हीच का, असा मला प्रश्न पडला.

दुसऱ्या दिवशी टाकीजवळ. तिथे नुसता गोंधळ. वाळू, पाणी, एक पोरगं बूट घालून बादलीत उभं. मी म्हटलं इथे कोणी शिकवतच नाही. तेवढ्यात एका मुलानं विचारलं, वाळूत ओतलेलं पाणी गेलं कुठे. बाई उकिडव्या बसल्या, तुला काय वाटतं असं त्यालाच विचारलं आणि गप्प राहिल्या. तू नको म्हणालीस तरी मी मोजलं. अकरापर्यंत. मग मला राहवेना, मी कोपऱ्यातून सांगून टाकलं की खाली मुरलं. पोरगं उठलं आणि निघून गेलं. बाईंनी मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. बरोबर उत्तर दिलं म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर काढलं. सातवीपर्यंत उलट कारणानं काढायचे.

टिल्ली माझ्यामागे बाहेर आली नाही. ती बादलीजवळ बसली, वाळूत पाणी ओतत. ओतायची, बघायची, बोटानं उकरायची, पुन्हा ओतायची. मी दारातून हाक मारली, तिनं वळूनही बघितलं नाही. शाबास कोणी म्हणत नव्हतं तरी ती थांबेना. मी तासभर उभा होतो.

अर्ज तिथलाच भरला. बरोबर केलं का, माहीत नाही. आकडे विसरेल ती, हेही मनात येतं. पण खरी अडचण हिनं रात्रीच्या जेवणावर सांगितली. टाकीपर्यंत पायी अर्धा तास, बालवाडी उघडते साडेआठला आणि हिची मशीन सुरू होते आठला. तर पोरीला नेणार कोण, असं तिनं विचारलं. ताटातून वर न बघता विचारलं.

आज फोरमनला सांगितलं की मेअखेर जातो. तो म्हणाला, वाटलंच होतं. तूही म्हणशील. याआधीच्या नोकऱ्या का सोडल्या ते मला कधी सांगता आलं नाही. या वेळी कारण आहे, तर मला स्वतःलाच ते निमित्त वाटतं. असेलही निमित्त. पण जूनमध्ये सकाळी आठ वाजता तिचा हात धरायला कोणीतरी लागणार आहे, आणि हात माझे रिकामे आहेत.

तुझ्या ओळखीत कुठलंही काम बघ. ओझी उचलायचं चालेल, झाडायचं चालेल. फक्त सकाळी नऊच्या आधी सुरू होणारं नको.

रागव, पण काम बघ.
तुझा भुंगा