कोठीमागची वाटी

१७ ऑगस्ट १९९७, रविवार
गोडादरा, सुरत

आले एकदाची! अमळनेरहून पॅसेंजरने उधन्याला उतरलो तेव्हा माझे पाय सुजून मुसळासारखे झाले होते. स्टेशनाबाहेर यांनी थंडगार सोडा पाजला आणि मी पुन्हा माणसात आले. सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण माझी आई जाऊन सहा वर्षं झाली आणि वडिलांच्या घरी आता दुसरीचं राज्य आहे. म्हणून सासूबाईंनीच निरोप धाडला, की सुषमाला इकडे आण, मी करते सगळं. आजच्या काळात अशी सासू कुणाला मिळते?

खोली चांगली आहे. बाहेरची एक आणि आत स्वयंपाकाची. मागच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, हे त्यातच बारा तासांच्या पाळीला जातात. दिवसभर खटखट खटखट. मांडणीवरची भांडी थरथरतात. हे म्हणाले, आठ दिवसांत सवय होईल, मग आवाज बंद पडला तरच दचकशील.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात पत्र्याची एक कोठी आहे, कमरेएवढी. ज्वारी काढावी म्हणून मी झाकणाला हात लावला, तर सासूबाई लगबगीने आल्या. म्हणाल्या, ती राहू दे, गावाकडची आहे. झाकणाला काळा दोरा बांधलेला. सुरतेत काय ज्वारी मिळत नाही? पण नवी सून, गप्प बसले. गप्प बसणं मला फारसं जमत नाही, बघू किती दिवस जमतं ते.

ही वही बारावीच्या निरोप समारंभात मिळाली होती. आईला जे विचारलं असतं ते आता हिला विचारीन.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज आरोग्य केंद्रातल्या नर्स सरलाबाई चाळीत आल्या होत्या. मूळच्या जळगावच्या, पण वीस वर्षं सुरतेत काढली, म्हणून सगळे त्यांना बेन म्हणतात आणि त्याही बोलता बोलता गुजरातीत शिरतात. मी प्रश्नांचा कागदच पुढे केला. हसल्या. म्हणाल्या, पहिलटकरणींचे प्रश्न इथून तिथून सारखेच.

बाळाला पहिल्यांदा कधी घ्यायचं? तासाभरात. सुरुवातीचे तीन दिवस पिवळट, दाट चीक येतो, तो टाकायचा नाही, ती त्याची पहिली लस. मध, गुळाचं पाणी, घुटी, काही नको. दूध पुरतंय हे कळायचं कसं? दिवसाला सहा लंगोट ओले झाले की पुरतंय. कमी पडलं तर? बाळ जितकं ओढेल तितकं येतं. आणि बाळ रडलं की पान्हा आपोआप फुटतो, आईला काही करावं लागत नाही. हे शेवटचं ऐकून मला उगाचच रडू आलं.

सासूबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. चीक टाकायचा नाही म्हटल्यावर त्यांनी जोरजोरात मान डोलावली. म्हणाल्या, एक थेंब वाया जाऊ द्यायची नाही मी. मला इतकं बरं वाटलं!

११ सप्टेंबर

सासूबाई रोज पायांना तेल चोळून देतात. डिंक, खारीक आणून ठेवलीय. हे म्हणतात, आईने माझे एवढे लाड कधी केले नाहीत. मी म्हटलं, तुमचे पाय कुठे एवढे सुजले होते?

आज तेल लावता लावता त्यांना विचारलं, तुम्हाला मुलं किती. दोन, म्हणाल्या. वाल्मिक, म्हणजे हे, आणि त्याच्या आधी एक. पहिला तिसऱ्या दिवशी गेला. त्यांच्या सासूने चीक वाईट म्हणून भिंतीवर पिळून टाकायला लावला आणि पोराला मधाचं बोट चाटवलं. पोर तीन दिवस भुकेनं रडत होतं. सासूबाई पलीकडच्या खोलीत, छाती दगडासारखी भरलेली, आणि मध्ये कडी लावलेलं दार. डोळ्यांत टिपूससुद्धा न आणता सांगितलं. मग उठल्या आणि पदराने कोठी पुसू लागल्या.

मी ठरवलं, ह्या बाईला पुन्हा उलट बोलायचं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

मुलगा! दोन तारखेला सकाळी झाला, घरीच, धुरपदाबाई सुईणीच्या हातून. दोन किलो आठशे. कपाळावर जावळाचा भोवरा आहे, अगदी माझ्या आईसारखा.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. मी त्याला पाजलं नाही. अंगात त्राण नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पोराचा जबडा कोवळा आहे, ओढायचा नाही, तू वाटीत काढून दे, मी वातीनं पाजते. माझंच डोकं धरून, कपाळावर हात फिरवत वाटीत चीक काढला. वाटी घेऊन त्या आत गेल्या. दारातून मला दिसत होतं. बाळ बाहेरच पाटावर होतं आणि गुळाच्या पाण्याची वात चोखत होतं. वाटी गेली कोठीमागे. विचारलं तर म्हणाल्या, “मुंग्या लागन्यात ते दूध आटी जास,” म्हणून आड ठेवली. थोड्या वेळाने वाटी लख्ख, घासल्यासारखी.

मला सगळं ठाऊक होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तरी तीन दिवस मी गप्प बसले. लाड करून घेतले होते ना.

आज पाचवीची पूजा झाली. सासूबाईंनी पाटावर दोन दिवे लावले, दोन टोपडी ठेवली. दुसरं कुणाचं? म्हणाल्या, मोठ्याचं.

१२ ऑक्टोबर

दूध भरपूर आलंय. ब्लाऊज भिजतो. पण बाळाला घेतलं की येत नाही. तो ओढतो, ओढतो, दमतो, रडतो आणि मला काहीच होत नाही. छातीत दगड. चहाला म्हणून आत गेले, कोठीजवळ उभी राहिले, आणि पान्हा असा फुटला की पायाशी थारोळं झालं.

शेजारची शोभाबाई यवतमाळकडची, तोंडाची फटकळ. थट्टेत म्हणाली, जुळं झालं आणि सांगितलं नाहीस, दुपारी स्वयंपाकघराकडून एक रडतं आणि बाहेरून एक. मी हसले. बाळ स्वयंपाकघरात कधी नेलेलंच नाही.

लंगोट आज दोन.

१९ ऑक्टोबर

सरलाबाईंनी झोळीच्या काट्यावर बाळ टांगलं. दोन किलो तीनशे. त्यांनी माझी छाती दाबून पाहिली, दूध भिंतीपर्यंत उडालं. म्हणाल्या, एवढं दूध असताना पोर सुकतंय, म्हणजे तोंड नीट लागत नाही. कसं धरायचं ते दाखवलं. मग त्यांचं लक्ष माझ्या डाव्या बाजूकडे गेलं आणि त्या थबकल्या. विचारलं, हे कुणी चावलं?

सहा दात. वरचे तीन, खालचे तीन. दुपारी माझा डोळा लागला होता तेव्हाचे असावेत. सतरा दिवसांच्या बाळाला दात नसतात, हे विचारायला नर्स लागत नाही.

चार दिवसांनी बाळाला केंद्रावर आण म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. हे म्हणाले, आईने मला वाढवलंच ना. संपलं.

२६ ऑक्टोबर

कारखान्याला दिवाळीची सुट्टी लागली. चाळ रिकामी झाली. शोभाबाई गावी गेली. हे वाटणीच्या कामासाठी काकांकडे गेले, कारखाना सुरू होईल त्या दिवशी येतो म्हणाले. मी पाया पडले, मला सोडून जाऊ नका. सगळ्या बाळंतिणी अशाच घाबरतात म्हणे.

आता चाळीत आम्हीच.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लूम बंद आहेत. किती शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. आणि त्या शांततेत चुक्, चुक्, चुक्. ओठांनी ओढल्याचा आवाज. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं.

सासूबाई नळावर गेल्यावर दोरा तोडला. कोठीत ज्वारी नाही. माती आहे, काळी, गावाकडची. मातीत एक खोलगट जागा, कुणी कुशीवर झोपून उठावं तेवढीच. हात घातला. ऊबदार होती. ओली. दुधाचा वास.

मागे सासूबाई उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. अंगणात पुरला होता म्हणाल्या, सोबत घेऊन आले. त्याला त्यांनीच पाजलं, वाल्मिकच्या वेळचं दूध टिकलं तोवर, पुढे भाताची पेज, गाईचं दूध, पण तो ते घेत नाही. तीस वर्षं तो उपाशी आहे. “मना पोऱ्या तीन दिन भुक्या रडना,” म्हणाल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, आता तू काही केलंस तरी उपयोग नाही. “ज्यानी पयले पिधं, त्यानीच ती माय.” पहिला चीक वाटीतून त्यालाच गेला होता.

२ नोव्हेंबर

पळाले. बाळाला पदरात घेऊन केंद्रावर गेले. रविवार, कुलूप. दोन डॉक्टरांच्या शटरवर पाट्या, दिवाळीनंतरच्या लाभपाचमपर्यंत बंद. रस्त्यात फटाक्यांचे कागद आणि कुत्री. कुणीही नाही.

एका टपरीवरून गाईचं दूध घेतलं, चमच्याने पाजलं. ओकला. पुन्हा पाजलं. ओकला. ओकारीत मातीचे कण होते.

पाय फुटतील इतके सुजलेत. रक्त जातंय. चालवेना. परत आले. दारात त्या आरतीचं ताट घेऊन उभ्या.

४ नोव्हेंबर

सौदा केला. मीच केला. आधी मोठ्याला, पोटभर. मग उरेल ते माझ्या राजाला.

कोठीत हात घातला नाही. डोळे मिटून बसले, सासूबाईंनी काहीतरी मांडीवर ठेवलं. थंड. जड. दात.

पण नंतर माझ्या बाळाला घेतलं तेव्हा दूध आलं! त्याच्या घशातून गटकन आवाज आला. पहिल्यांदा. मी किती रडले!

लंगोट पाच. पाच! उद्या सहा होतील.

६ नोव्हेंबर

लंगोट तीन. मोठ्याचं पोट भरत नाही. जितकं ओढेल तितकं येतं, म्हणाल्या होत्या सरलाबाई. तो ओढतो. येतं. तो थांबत नाही. थांबला की माझ्याकडे काही उरत नाही.

आता तो थंड लागत नाही.

७ नोव्हेंबर

पाजता पाजता डोळा लागला. नको होता लागायला—

जागी झाले तर कोठीचं झाकण वाजलं. सासूबाई नवा दोरा बांधत होत्या. माझ्या मांडीवर बाळ. गुबगुबीत, गरम, माझ्या राजाचंच अंगडं घातलेलं. हसलं. कपाळावर भोवरा नाही.

उठू देत नाही. सोडत नाही. सोडवायला गेले तर दात—

त्यांनी दाराला बाहेरून कडी लावली.

८ नोव्हेंबर

कोठीतून रडतोय. बारीक. त्याच्यात ताकद कुठे आहे?

माझा पान्हा फुटत नाही. त्याच्या रडण्याला फुटत नाही. कान देऊन ऐकते, छाती आवळते, पिळते. काही नाही. कोरडं. आणि हा नुसता कुरकुरला की धार.

सासूबाईंना म्हटलं, दार नका लावू, तुम्हालाही असंच— म्हणाल्या, म्हणूनच तर.

१० नोव्हेंबर, सोमवार

हे सकाळी आले. त्याला उचललं, वर फेकलं, झेललं. माझ्यावर गेलाय म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, तुझ्यावर नाही, तुझ्या भावावर. दोघंही हसले.

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. कोठी उघडा. उठायला गेले तर सासूबाईंनी खांदे दाबून बसवलं. हे म्हणाले, बाळंतवाताने डोकं फिरतं, शोभाबाईच्या बहिणीचंही असंच झालं होतं. पाळीला गेले.

सरलाबाई आल्या. काट्यावर टांगलं. चार किलो दोनशे. शाबास, म्हणाल्या, बघ, आईचंच दूध. मी म्हटलं ऐका, रडतोय, आत रडतोय, ऐका ना— त्या ऐकायला थांबल्या. थांबल्या होत्या खरंच. मान वळवली होती कोठीकडे.

आणि लूम सुरू झाले.

खटखट खटखट. भांडी थरथरतात. आता त्याचं काही ऐकू येत नाही. रडतोय का. थांबला का. सरलाबाईंना पोचवायला सासूबाई गेल्या, कडी लावून.

हा पितोय. उजवा हात मोकळा आहे म्हणून लिहिते. कोठी चार पावलांवर आहे. दोरा इथून दिसतो.

राजा, मी इथेच आहे. थांब रे थोडा, याचं पोट भरलं की लगेच तुला—