तळ्याकाठी सगळे नॉर्मल

३ जून
पोचलो एकदाचे. दवाखान्यानं दिलेलं घर तळ्याला इतकं खेटून आहे की खिडकीतून गळ टाकला तर मासा थेट कढईत यावा. माझ्या बदलीवर बायको खूश, हे लग्नानंतर प्रथमच. नळ कोरडा. ती म्हणाली, दारात एवढं तळं असताना नळाची मिजास कशाला? पायऱ्यांवर कपडे धुतले, मग दोघंही गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. शेवाळावर वाटाण्याएवढ्या गोगलगायी. संध्याकाळी पाय खाजले. नवं पाणी, दुसरं काय!

५ जून
दवाखान्यातली माझी प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि मावशी. मावशी वीस वर्षं बाटल्या धुतात, तेवढीच वर्षं अक्कलही शिकवतात. पहिला नमुना एका मच्छीमाराचा. लघवी कोऱ्या चहासारखी. भिंगाखाली अंड्यांचा खच, प्रत्येकाच्या टोकाला काटा. परीक्षेपुरती पाहिलेली जंताची अंडी. रिपोर्ट लिहायला घेतला, तर मावशींनी हातच धरला. म्हणाल्या, साहेब, इथं याला नॉर्मल लिहितात, सगळ्यांनाच असतं. दवाखान्याच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं. अख्ख्या गावाला असलेल्या गोष्टीला रोग म्हटलं तर गाव ठेवायचं कुठं? नव्या माणसानं कशाला शहाणपणा करावा? दिवसभरात एकेचाळीस नॉर्मल. सही मात्र झोकदार आली.

२० जुलै
बायकोला ताप, अंगभर गांधी उठलेल्या. धूळ झटकून पुस्तक काढलं. गोगलगायीतून अळी निघते, पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरते, शिरेत वाढून जंत होते. नर मादीला पोटाच्या खाचेत धरून वर्षानुवर्षं तिथंच नांदतो. आमच्या अख्ख्या नात्यात इतकं सुखी जोडपं नाही.

२ सप्टेंबर
बायकोनं न्हाणीघरातून हाक मारली. नेहमीच्या सुरात नाही. बाटली मीच नेली. कोरा चहा.
भिंगाखाली काटे. एक अंडं डोळ्यांदेखत फुटलं. आतून काहीतरी केसाळ निघालं आणि मजेत पोहू लागलं. तिच्या अंगातून आलेलं. टेबलावरच ओकलो.

४ सप्टेंबर
गोळ्या नाहीत. कपाटात फक्त झुरळं. मुख्य कार्यालयाला फोन केला. तिथले साहेब हसले. म्हणाले, तुमच्या भागात हा रोगच नाही, नसलेल्या रोगाची गोळी कशी पाठवू? जूनपासूनचे रिपोर्ट बघा, सही तुमचीच आहे.

६ सप्टेंबर
माझी बाटली. दोन दिवस टाळत होतो. तोच रंग.
आज खरं लिहिणार. आधी माझं, मग तिचं, मग जूनपासूनचे सगळे —
डॉक्टर आले. टेबलाचा खण उघडला; त्याला कुलूप असतं ते आज कळलं. आत गोळ्या. कर्मचाऱ्यांपुरत्या, म्हणाले. मावशी दर वर्षी घेतात. दोघांना पुरतील. फक्त आजचे रिपोर्ट तेवढे नेहमीसारखे —
शिरेत काहीतरी सरकतंय. एक नाही, दोघं — मिठीत —
दाराबाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात बाटली. सगळ्या चहाच्या रंगाच्या. पुढे तोच मच्छीमार. विचारतोय, साहेब, माझं बरं आहे ना —
खिडकीतून बायकोची हाक —
मावशींनी पेन हातात दिलं. त्याच्या रिपोर्टवर —
नॉर्म