लेकीच्या ग्लायडरची उजवी बाजू

अहो,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. तुम्ही पथ्य पाळताय ना, की शेजारी चहाला जाऊन बसताय?

धडक टाळणारं ते यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय ग्लायडर उडवायचं नाही, असं तुम्ही लेकीला बजावलं होतंत. दुसरं ग्लायडर जवळ आलं की ते वाजतं, पण उजवीकडून येणाऱ्याची चाहूल त्याला फार उशिरा लागायची. मेकॅनिकने यंत्रच बदललं, तरी रडगाणं तेच.

मग दुसऱ्या ग्लायडरमधलं तसलंच यंत्र हातात घेऊन मीच मैदानात लांबवर चालत गेले. लेक ग्लायडरमध्ये बसून यंत्राच्या पडद्यावर बघत फोनवर सांगत होती, "दिसतेस... दिसतेस... आई, गेलीस!"

"अगं, शुभ बोल!"

ग्लायडरच्या उजव्या बाजूला गेले की मी दरवेळी गायब.

आपल्या बाईसाहेब टापटिपीत तुमच्यावर गेल्या आहेत. वायर लोंबायला नको म्हणून यंत्राची अँटेना उजव्या बाजूच्या लोखंडी पट्टीआड नेटकी बांधून ठेवलेली! ती सोडवून पुढे मोकळी, उभी बसवली. मग मी पार कुंपणापर्यंत गेले, दोन्ही बाजूंनी.

"दिसतेस गं आई, अजून दिसतेस!"

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाच्या गजांतून ती मला वळणापर्यंत अशीच बघत होती, आठवतं?

उद्या ती वर जाईल. तुमच्या वतीने परवानगी मीच दिली आहे, तेव्हा रागवायचं ते माझ्यावर. ती उतरली की लगेच फोन करते. तोवर फोनपाशीच बसा.

तुमचीच,
मी