आजोबांची तुकडी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (चार महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावरच वाकते आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला? होडीचं इंजिन? इकडे सगळं ठीक. आमचे हे अजूनही पेपर मोठ्याने वाचतात आणि मी अजूनही ऐकत नाही.

तीस वर्षं बाजारात मासे कापून मी आता कारखान्यात मासे उगवायला गेले आणि सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला, असं तू म्हणालास. वहिनीने तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. रागाव, तुझा हक्क आहे. पण मी काय पाहिलं ते आधी वाच. मग हवं तर या कागदात आमिष गुंडाळ.

मला तिथे कशाला घेतलं, ते आधी सांगते. त्यांच्याकडे शिकलेली माणसं खंडीभर, पण मासा बोटाने दाबून ताजा की शिळा हे सांगणारं कुणी नाही. म्हणजे पगार माझ्या बोटांना आहे, बाकीची मी त्यांच्यासोबत फुकट जाते. डोक्याला कागदाची टोपी, अंगात पांढरा झगा. (ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, ऑपरेशन तुझं आहे की तू करणार आहेस?) तिथल्या मुख्य मॅडम माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बशीत बोटभर लांबीचा एक पांढुरका तुकडा आणून माझ्यापुढे ठेवला आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेल्या. आता मासा समोर आला की माझे हात मला विचारत बसत नाहीत. मी तो नळाखाली धरला आणि तीन पाण्यांनी खसाखसा धुतला. पहिल्या पाण्यात तो मऊ पडला, दुसऱ्यात पीठ झाला, तिसऱ्यात नुसतं पाणीच उरलं. मॅडम आल्या, बशीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. तो तुकडा सहा आठवडे वाढत होता, दादा. दाबून कसा लागतो एवढंच मी सांगायचं होतं.

मला वाटलं, आजच घरी. पण त्या मला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे काचेच्या मोठ्या टाकीत एक करडा, जाड ओठांचा मासा संथपणे फिरत होता. त्याला सगळे आजोबा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीतून सुईने तिळाएवढं मांस काढलं, तेवढंच. त्या तिळातल्या पेशी साखर-मिठाच्या कोमट पाण्यात ठेवल्या, त्यांच्या दुप्पट झाल्या, दुपटीच्या चौपट झाल्या, आणि आता माणूस उभा राहील एवढ्या स्टीलच्या पिंपांत त्याच वाढताहेत. मग मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आत दोऱ्यासारख्या बारीक रेघा. बघता बघता एक रेघ आखडली. मग शेजारची. ना डोकं, ना शेपूट, ना समुद्र, आणि मांस कसं पोहायला निघाल्यासारखं हलत होतं! दादा, मी आजवर किती मासे कापले असतील, त्याला गणती नाही. मेलेलं कसं दिसतं हे मला झोपेतही सांगता येईल. पण मांस जिवंत होताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी धरून ठेवला. मॅडमनी पाणी आणून दिलं, पण मला तहान लागलेली नव्हती.

पुढचा तुकडा तयार झाला तेव्हा तो मी धुतला नाही. (मोरीच्या नळावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे.) तव्यावर परतून बशी घेऊन मी आजोबांच्या टाकीपाशी गेले. घास तोंडात, आणि ज्याचा घास तो समोर काचेपलीकडून माझ्याकडे बघतोय, कल्ले हलवतोय, मजेत आहे. हे पाप की पुण्य, मला ठरवता येईना.  मॅडमनी चव कशी आहे म्हणून विचारलं. मी उत्तम म्हणाले.

मग मी विचारलं, माझ्या भावाच्या होडीचं काय होणार? त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण समुद्रात मासाच उरला नाही, तर होडीचं काय होणार, तेही माहीत नाही.”

पिंपं रात्रंदिवस वीज खातात, आणि ती वीज कोळशाची असेल तर समुद्र वाचवताना आभाळ काळं होईल, हेही त्यांनीच सांगितलं. मला त्यांचं हेच आवडलं. गेल्या हंगामात तू किती वेळा रिकामं जाळं घेऊन परतलास, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आपलं दुःख वहीत लिहून घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

प्रकृतीला जप. वहिनीला नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुझी,
धाकटी

ता. क. चव उत्तम म्हणाले ते त्यांच्या तोंडावर. तुझ्या जाळ्यातल्या माशाची सर नाही. मीठ कमी पडलं असं नव्हे, समुद्र कमी पडला.

ता. क. २. त्यांना आता दुसऱ्या जातीचा मासा हवा आहे, खोल पाण्यातला आणि जिवंत. ओरखडाही नसलेला. एवढ्या हलक्या हाताने मासा वर काढणारा एकच माणूस आहे, असं मी बोलून बसले.

ता. क. ३. त्या गुरुवारी सकाळी धक्क्यावर येतील. नाही म्हणायचं तर तूच त्यांच्या तोंडावर म्हण, ते सांगायला मला जमणार नाही. पण होडीत घेतलंस, तर मधल्या फळीवर बसव आणि लाट आली की आधी सांग. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही.