शिवून ठेवलेलं प्रकरण

सौ. वन्संना वहिनीचा नमस्कार.

त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, दोरीवरचे कपडे उतरवून घड्या घातल्या होत्या आणि मी मशीनला तेल घालत होते. शेजारी शाळेच्या स्कर्टांचा ढीग. (मुली सुट्टीत वाढतात आणि त्यांच्या आयांना ते शाळा उघडल्यावर दिसतं, त्यामुळे या दिवसांत मला मान वर करायला फुरसत नसते.) तेवढ्यात दारात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या. मला वाटलं, एखाद्या स्कर्टची उंची चुकली. पण त्या स्कर्टांकडे बघतही नव्हत्या. मशीनमागच्या फळीवरची पुस्तकं बघत होत्या. तुमच्या दादांनी साहेबांच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे तासन् तास वाट बघत बसून वाचलेली आणि साहेबांच्या मुलांना नको झाली म्हणून घरी आणलेली पुस्तकं. बाईंनी विचारलं, ही कोण वाचतं? मी म्हटलं, आता मीच.

पण थांबा, ख्यालीखुशाली विचारायची राहिलीच. तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमच्याकडच्यांचा खोकला गेला का? सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका. माझं म्हणाल तर मी बरी आहे. तुमचे दादा जाऊन तिसरं वर्ष लागलं. गल्लीत गाडी थांबली की पायडलवरचा पाय अजून थांबतो. मग गाडी निघून जाते आणि मी पुढची शिवण घेते. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही. आणि हो, हे पत्र काही मागायला लिहीत नाहीये, नुसतं झालेलं सांगायला लिहिते आहे.

तर झालं असं, की शाळेतल्या भाषेच्या बाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आठवीचा वाचनाचा तास मोकळा पडला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तुम्ही येऊन एक कादंबरी वाचून दाखवा, एवढंच काम. एवढंच! भाषेच्या बाईंनी मला फोनवर समजावलं, की माणूस कुठल्या घरात जन्मला यावरून त्याच्या वाट्याला काय येतं आणि काय येत नाही, हे मुलांना या गोष्टीतून कळायला हवं. पण भाषण करायचं नाही, वाचायचं आणि मुलांना बोलू द्यायचं. मी म्हटलं, भाषण मला येतच नाही, म्हणजे निम्मं काम झालं. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी मुलं उठून उभी राहिली. मला वाटलं माझ्यामागून कोणी मोठं माणूस आलं, म्हणून मीही दाराकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ आम्ही सगळे त्या न आलेल्या माणसाला मान देत होतो.

कादंबरी साधी आहे, त्यांच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. एका ड्रायव्हरची मुलगी. बाप ज्यांची गाडी चालवतो त्यांची मुलगी शिकून गेली, त्याच भारी शाळेत हिला प्रवेश मिळतो. हिच्या घरचं तिथे कोणाला माहीत नाही. ही मैत्रिणींना सांगते, आमच्याकडे पांढरी गाडी आहे. (तसं बघितलं तर खोटं नाही. दिवसभर ती गाडी बापाच्याच हातात असते.) मी वाचायची आणि मध्येच थांबून विचारायची, यात श्रीमंत कोण, गरीब कोण, ओळखायचं कसं? मला वाटलं मुलं म्हणतील, ज्याचा बंगला तो श्रीमंत. वन्सं, या मुलांनी मला गार केलं. एक म्हणाली, ज्याला दारात ‘या’ म्हणतात तो श्रीमंत आणि ‘काय पाहिजे’ म्हणतात तो गरीब. दुसरा म्हणाला, श्रीमंताच्या घरात माणूस हरवलं तर ‘कुठल्या खोलीत आहे’ विचारतात, आमच्याकडे खोलीच एक, तिथे माणूस हरवायची सोयच नाही. सगळे हसले, तो स्वतः सगळ्यात जास्त. आणि एक मुलगा आहे, गाडीतून येतो म्हणून त्याला सगळे शेटजी म्हणतात. तो बराच वेळ पेन्सिलीचं टोक चावत बसला होता. मग म्हणाला, “काकू, मला आमच्या ड्रायव्हरकाकांचं आडनाव माहीत नाही. रोज त्यांच्याबरोबर येतो मी.” कोणीही त्याला हसलं नाही. मी पुस्तकात तोंड घातलं, कारण मला वाचायला काही दिसत नव्हतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. पुढचं प्रकरण मी आदल्या दिवशी घरी वाचलं आणि पुस्तक मिटूनच टाकलं. त्यात बाप मुलीचा विसरलेला डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी येतो, ड्रायव्हरच्या कपड्यांत. मैत्रिणी विचारतात, हा कोण गं? आणि ही म्हणते, आमचा ड्रायव्हर. बाप एकदा तिच्याकडे बघतो, “हा घ्या डबा, मॅडम” म्हणतो आणि निघून जातो.

आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर शाळेच्या वॉचमनची मुलगी बसते. तिचा बाप खिडकीतून सगळ्यांना दिसतो, शिट्टी गळ्यात घालून फाटकाशी उभा. मी हे तिच्यासमोर वाचू? चाळीस डोकी एकदम तिच्याकडे वळतील आणि पोरगी पुन्हा शाळेत पाऊल ठेवणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. मग मी ते प्रकरण शिवून टाकलं. खरंच सांगते. पानं फाडायला पुस्तक काही माझं नाही, आणि टाचणी कोणाच्या बोटाला लागेल, म्हणून बारीक सुईने कडेकडेने कच्चे टाके घातले. नंतर एका ओढीत निघाले पाहिजेत आणि पानाला इजा होता कामा नये. काम इतकं सुबक झालं की मी स्वतःवरच खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी शिवलेलं वगळून पुढचं वाचायला लागले आणि दोन पानांत शेटजी म्हणाला, काकू, परवा ही बापाशी गप्पा मारत होती, आज ताटावर बसून दोघं गप्प का? मी म्हटलं, मोठ्या झाल्या की मुली कमी बोलतात. यावर मुलींच्या बाजूने असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर दार लावून गेले. मग मी म्हटलं, बापाचा घसा बसलाय. तर पुढच्याच पानावर बाप गाडी धुता धुता गाणं म्हणायला लागला! वन्सं, छापलेल्या माणसाला कुठे दाबून ठेवणार? मी म्हटलं, घसा बरा झाला. कोणीतरी मागून म्हणालं, “काकू, औषधाचं नाव सांगा, आमच्या आजोबांना पाहिजे.” मी घामाने भिजले.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची उठली, माझ्या टेबलाशी आली, पुस्तकाची कड बोटाने चाचपली आणि म्हणाली, “काकू, हा कच्चा टाका आहे ना?” (शिवण यांना शाळेतच शिकवतात, हे मी, रोज यांचेच स्कर्ट शिवणारी बाई, साफ विसरले होते.) ती माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला रडू येतं का यात? मग मी वाचते.” तिला वाटलं, मी ते माझ्यासाठी शिवलं! आणि त्या क्षणी मला कळलं, की तिला काही तसं चुकीचं वाटलेलं नव्हतं.

तिने गाठ शोधली, दोरा ओढला, तो सरळ निघून आला. मग वर्गाकडे तोंड करून तिने ते प्रकरण वाचलं. न अडखळता. ‘हा घ्या डबा, मॅडम’ हे वाक्य आलं तेव्हा बाहेर शिट्टी वाजली, तिच्या बापाची, कुठलीतरी गाडी मागे घेत होते. ती वाचायची थांबली नाही. मी इतकी वर्षं वाचते आहे, पण एखादं वाक्य असं उभं राहून चालत माझ्याकडे आलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

वाचून झाल्यावर कोणीतरी तिला विचारलंच, तू कधी असं म्हणालीस? मी पुढे होऊन गप्प करणार होते, पण भाषेच्या बाईंचं आठवलं, मुलांना बोलू द्या. ती म्हणाली, “म्हणाले नाही. पण एकदा बाबा समोरून येत होते आणि मी दुसऱ्या जिन्याने गेले.” मला वाटलं, आता संपलं. संपलं कुठलं? तिथून खरं सुरू झालं. एक म्हणाला, आपण आईचा फाटका मोजा कोणाला दिसू नये म्हणून बूटच काढत नाही. (‘आईचा’ म्हणजे आईने घरी शिवलेला, असं त्याला म्हणायचं होतं. मी तिथल्या तिथे माझा पत्ता दिला.) शेटजी म्हणाला, माझ्यासमोर एखाद्या मुलीने असं म्हटलं असतं तर कपड्यांकडे बघून मला खरंच वाटलं असतं, म्हणजे चूक माझीही थोडी. मग वाद पेटला, बाप ‘मॅडम’ का म्हणाला? घाबरला? रागावला? शेवटच्या बाकावरची एक, जी महिनाभर फक्त खिडकीतून बाहेर बघत होती, ती म्हणाली, “त्याला ती तिथे टिकायला हवी होती. म्हणून त्याने तिचं खोटं सांभाळलं.” आणि वॉचमनची मुलगी म्हणाली, “खोटं ती बोलली, पण ‘हा कोण’ असं विचारणाऱ्या कुठे बरोबर होत्या? माणूस समोर उभा आहे, त्यालाच विचारायचं ना.”

वन्सं, तेरा-चौदा वर्षांची पोरं! मी टेबलाला धरून उभी होते. देवळात गेल्यावर आपण आपोआप आवाज कमी करतो ना, तसं मला झालं. आपल्या आयुष्यात हे सगळं होतंच, जिन्यांवर, फाटकांशी, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये. पण आपण त्याला नशीब म्हणून पुढे गेलो. ही मुलं त्याला हात लावून बघत होती, उसवून बघत होती आणि तरी एकमेकांशी नीट वागत होती. दुसऱ्या दिवसापासून शेटजी फाटकापाशी उतरून ‘येतो, अमुककाका’ असं आडनाव घेऊन म्हणतो, म्हणे. आणि ती पोरगी शाळेत येते का? येते. वॉचमनमामांबरोबर, समोरच्या फाटकाने.

भाषेच्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं, शिवल्याचंही. त्या इतक्या हसल्या की प्लास्टर दुखायला लागलं. मग म्हणाल्या, सगळेच शिक्षक पानं शिवतात हो, तुमचा दोरा दिसला एवढंच.

बाकी सगळं ठीक. पोरांना माझे आशीर्वाद. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. माझी मोठी कात्री गेल्या खेपेला तुमच्याकडे राहिली आहे. घाई नाही, पण पाठवलीत तर बरं.

ता. क. दुसरं. कात्री पाठवू नका, स्वतः घेऊन या. खरं म्हणजे कात्रीचंही काही नाही, माझ्याकडे दुसरी आहे. कादंबरी संपली, पण मोठी झाल्यावर त्या मुलीने खरं सांगितलं का, हे त्यात नाही. अर्धा वर्ग म्हणतो सांगितलं असेल. वॉचमनची मुलगी म्हणते, जितका उशीर तितकं अवघड, असं केलेलं कोणी भेटलं तर विचारायला हवं. मी म्हटलं, बघते मिळतं का कोणी. वन्सं, तुमच्या लग्नात तुम्ही सासरच्यांना सांगितलंत, दादा ट्रान्सपोर्ट खात्यात अधिकारी आहे. मागून आणलेला कोट मीच त्यांच्या खांद्याला बसवून दिला होता. ते संध्याकाळभर अधिकारी होऊन बसले, तुमच्या सासऱ्यांना रस्त्यांच्या दुरुस्तीबद्दल सल्ला दिला आणि घरी येऊन पोट धरून हसले. त्यांनी तुमच्यावर कधी राग धरला नाही, हे शपथेवर सांगते. ते गेले तेव्हा तुमच्या सासूबाईंनी मला विचारलं, पेन्शन कुठल्या ऑफिसातून मिळणार? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, चौकशी करते. अजून करतेच आहे. माझा आग्रह नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत आणि नुसत्या मुलांचं ऐकत बसलात तरी चालेल. ती तुम्हाला टोचून विचारणार नाहीत. त्यांना फक्त जाणून घ्यायचं आहे, आणि मला वाटतं तुम्हालाही कोणाला तरी सांगायचं असेल.

ता. क. तिसरं. तुम्ही येणार की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मुलांनी तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि आठवीच्या वर्गात एक खुर्ची जास्त मागून घेतली.