टोपी आणि चेहरा

१२ जानेवारी

फोटो काळा आला. स्क्रीनवर आबा व्यवस्थित दिसतात. कागदावर नुसती टोपी, तिच्याखाली अंधार.

काल आबांना बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन लवकर करा — डॉक्टर सरळ म्हणाले. आबा म्हणाले, 'बगू.' जिना उतरताना मला — 'राजे, तुझ्याकडं ते छापायचं मशीन हाय न्हवं? माजा एक चांगला फोटो काढून दे.' तिथेच दारात, उन्हात, मोबाइलवर काढला.

कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती. आईचा भिंतीवरचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. त्यात आई कुठेच नाही. बहात्तराव्या वर्षी माणूस त्यावरून काही शिकत असेल.

१५ जानेवारी

साध्या कागदावर शाई पसरते. चकचकीत फोटो पेपर आणला. छापला, बोट लागलं, आणि आबांचा गाल माझ्या अंगठ्यावर आला! कागद उलटा घातला होता. मागच्या बाजूला शाई धरत नाही.

१७ जानेवारी

सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'साधा'च राहिला होता. बदलला. रंग बरे आले. आडव्या रेघा येत होत्या. प्रिंटरचं हेड साफ करून घेतल्यावर गेल्या. चेहरा मात्र काळाच. शेवटी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणला. तेव्हा कळलं — फोटो मुळातच काळा. स्क्रीन मला बरं वाटावं म्हणून उजळ दाखवत होती.

इंद्रजितचा फोन. धाकटा भाऊ. पणदऱ्याला आबा त्याच्याकडेच असतात.

'ताई, ऑपरेशनचं बोल म्हटलं, तर तू फोटो काढत बसलीयस? हार पण आणून ठेव की मग!'

म्हटलं, तू बोल.

'माझं ऐकत्यात व्हय ते?'

माझंही ऐकत नाहीत. फोटोचं तेवढं ऐकतात.

२१ जानेवारी

आबा आले होते. प्रिंट उन्हात धरून पाहिला. 'ह्यो मी न्हाय. पोलिसांनी धरल्याला दिसतोय कुणीतरी.'

मग दुसरा दिला, चेहरा उजळवलेला. त्यात टोपी कागदात विरून गेली होती. 'आन ह्येची टोपी कुठं गेली? वारं सुटलं हुतं व्हय?'

अडचण खरी आहे. पांढरी टोपी आणि रापलेला चेहरा. एकाला सांभाळलं की दुसरं जातं.

म्हटलं, गावातल्या स्टुडिओत काढू. 'नगं! तितं मोठा फोटो काढला की संध्याकाळपातूर गावभर — मोहनराव तयारीला लागलं.'

ऑपरेशनचं विचारलं. 'आदी फोटो.'

२४ जानेवारी

इंद्रजितने कळवलं — काल जेवता जेवता आबांना दम लागला. ताट तसंच सरकवलं. 'आता फोटो दे एकदाचा त्यांना आणि मोकळं कर,' म्हणाला. रागात होता. किंवा घाबरला होता.

२८ जानेवारी

पणदऱ्याला गेले. जुन्या फोटोशी झटण्यापेक्षा नवा काढावा, उन्हात नको, सावलीत. गोठ्याच्या पडवीत आबांना बसवलं. मोबाइल धरला, आणि त्यांनी टोपी काढली!

उघड्या डोक्याचे आबा मी फक्त आंघोळीनंतर पाहिलेले. वरचं कपाळ गोरं, कोवळं. टोपीची रेघ संपते तिथून खाली सगळं ऊन.

म्हटलं, भिंतीवर टोपीशिवाय कुणी नसतं.

'आसूं दे.'

इंद्रजित धारेवरून उठून आला. 'आबा, हिरो दिसताय की!'

'तुज्यापेक्षा बराच.'

३० जानेवारी

टोपी गेली, अडचण गेली. सगळा चेहरा कागदावर उतरला. वाळायला खिडकीत ठेवून कॉलेजला गेले. येऊन पाहते तर कपाळभर काळे ठिपके. गाळप सुरू आहे, साखर कारखान्याची राख उडते. पुन्हा छापला. या वेळी कपाटात वाळवला.

२ फेब्रुवारी

प्रिंट नेऊन दिला. आबांनी बराच वेळ पाहिला. 'व्हय. ह्यो मी.'

फोटो झाला, आता तारीख घेऊ? — मी.

'थांब जरा. ह्येच्यातलाच ल्हान काढ. पोस्टकार्डायेवढा.'

म्हटलं, लांबून दिसणार नाही.

'जवळनंच बगायचाय.'

परत येताना इंद्रजित फाटकापर्यंत आला. फाटक त्यानेच उघडलं.

४ फेब्रुवारी

लहान फोटो दिला. आबांनी तो कोपरीच्या खिशात घातला. भिंतीकडे पाहिलंही नाही.

९ फेब्रुवारी

आबांनी एका बाईंचा फोटो पाठवला. साठीच्या असतील. करडे केस, नाकावर उतरलेला चष्मा, मागे संगमाचा घाट. पाठोपाठ फोन.

'जयवंताबाई हाईत. नरसिंहपूरच्या. त्यांचं मालक जाऊन लई वर्सं झाली. माजा फोटो त्यांच्याकडं हाय, त्यांचा माज्याकडं पायजे. त्याच कागदावर काढ.'

मी फोटो पुन्हा उघडला.

'आन डॉक्टरकडनं तारीख घे. त्या म्हणल्या, ऑपरेशन झाल्याबिगर पुढचं बोलणं न्हाय.'

इंद्रजितला अजून माहीत नाही.

फोटोत बाईंचा चेहरा सावलीत आहे. थोडा उजळवावा लागेल.